शेण आमचं, धूर कुणाचा?

“शेण आमचं, जागा आमची, खड्डा आमच्याच गड्यांनी खांदला. सरकारनं चार पैसे टाकले म्हणून कुणीही यावं अन् टाकीत डोकावून बघावं, हे कुठल्या कायद्यात बसतं?”

गोदावरीच्या घाटावर दशक्रियेला जमलेली मंडळी कावळा शिवायची वाट बघत बसली होती. अशा वेळी पुणतांब्यात ऊस, दूध आणि सरकार एवढे तीनच विषय निघतात. माझ्या चुलत्यांनी तिन्ही एका वाक्यात गुंफले. त्यांचं म्हणणं असं, की अनुदानावर बांधलेल्या गोबरगॅसला, सुधारित चुलीला, गच्चीवरच्या सोलर बंबाला आणि कारखान्याच्या चिपाडावरच्या बॉयलरला देखभालीचे आणि धुराचे नियम लावणं म्हणजे शेतकऱ्याला नव्या दाव्याला बांधणं. आजूबाजूच्या दहा-बारा माना हलल्या. दशक्रियेला वाद घालू नये म्हणून मी गप्प बसलो. ते गप्प बसणं गेले काही दिवस घशात अडकलंय, म्हणून हे लिहितो.

आधी त्यांच्या बाजूनं जे बोलता येईल ते बोलून घेतो, कारण ते थोडंथोडकं नाही. हे 1 जून 2017 ला संपावर गेलेलं गाव आहे. ग्रामसभेत ठराव करून दूध-भाजीपाला रोखायचा, हा विचार राज्यभर गेला तो इथून. त्याच महिन्यात कर्जमाफी जाहीर झाली आणि तिच्यामागून आले ऑनलाइन अर्ज. नवरा-बायको दोघांनी केंद्रावर जायचं, आधार दाखवायचं, अंगठा टेकवायचा. शेणामातीत राबून बोटावरच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे यंत्राला माणूस ओळखू येईना. त्या रांगांत उभं राहिलेल्या माणसाला ‘नियम’ हा शब्द ऐकला की आणखी एक रांगच दिसते. चुलत्यांचा राग तिथून येतो आणि तो खोटा नाही.

पण रागाचा पत्ता चुकलाय.

केंद्राच्या नव्या आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम नोव्हेंबर 2022 मध्ये अधिसूचित झाला. त्यात घरगुती आणि छोट्या गोबरगॅसला आकारानुसार आणि प्रवर्गानुसार 9,800 रुपयांपासून 70,400 रुपयांपर्यंत मदत ठेवली. आपल्याकडे चार-पाच जनावरांच्या गोठ्याला जो दोन घनमीटरचा संयंत्र पुरतो, त्याला सर्वसाधारण शेतकऱ्यासाठी 14,350. आकडे सगळ्यांना पाठ असतात. त्याच कागदावरची दुसरी ओळ मात्र कुणी वाचत नाही. बांधणाऱ्याला शेतकऱ्याच्या अनुदानाखेरीज वेगळी फी मिळते, आणि ती फी नुसत्या बांधकामाची नसते. पाच वर्षं संयंत्र चालू ठेवण्याची हमी तिच्यात धरलेली असते.

म्हणजे देखभालीचा नियम चुलत्यांवर नाहीच. तो आहे बांधून देणाऱ्यावर. चुलते ज्याला जाच म्हणतात, तो त्यांच्या हातात असलेला एकुलता एक हक्काचा कागद आहे. ज्याच्यावर तो बंधनकारक आहे, त्याला तो नकोसा वाटणं साहजिक आहे. शेतकऱ्यानं स्वतःहून उठून ‘आम्हाला नियम नको’ म्हणावं, यापेक्षा त्या माणसाला आणखी काय हवं?

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या घरी दोन गोबरगॅस झाले. पहिला वडिलांचा, खादी ग्रामोद्योग पद्धतीचा, लोखंडी तरंगत्या टाकीचा. सकाळी टाकी वर आलेली दिसायची आणि संध्याकाळच्या स्वयंपाकानंतर खाली बसलेली. वडील रोज दोन्ही हातांनी टाकी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे फिरवायचे, कारण आत शेणकाल्यावर साय धरते आणि साय जाड झाली की गॅस अडतो. दरवर्षी दिवाळीनंतर ते टाकीला काळा रंग द्यायचे. ज्या पट्ट्यात काला आणि हवा एकमेकांना भेटतात, तिथं गंज आधी धरतो. एका वर्षी बहिणीचं लग्न होतं, रंग राहिला. पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात करंगळी जाईल एवढं भोक पडलं. एवढंसं भोक, पण त्यानं आईला पुन्हा चुलीपुढे बसवलं.

दुसरा संयंत्र मी बांधून घेतला, दीनबंधू पद्धतीचा, जमिनीत गाडलेला विटांचा घुमट. लोखंड नाही, म्हणून गंज नाही, म्हणून देखभालही नाही, असं बांधणाऱ्यानं सांगितलं. घुमटावर माती पडायच्या आत फोटो निघाला. मी, बायको, मागे गाय. पहिले सात-आठ महिने निळी, सरळ ज्योत मिळाली. मग ज्योत पिवळी झाली, फडफडू लागली आणि थंडीत तर चहा उकळायला अर्धा तास लागू लागला. मी शेणाला दोष दिला, मग थंडीला, मग गायीला. शेवटी एका जुन्या गवंड्यानं वाटीत निरमा फेसला आणि नळीच्या सांध्यावर, कॉकवर, घुमटाच्या गळ्यावर बोटानं लावत गेला. गळ्यापाशी फेसाचे बुडबुडे सावकाश फुगत राहिले, कुणी आतून फुंकर घालतंय तसे. नळीचा वाकलेला भाग त्यानं सोडवला, तर त्यातून तांब्याभर पाणी निघालं. गॅसबरोबर वाफ जाते, खोलगट जागी तिचं पाणी होतं आणि वाट अडते. बुडबुडे आणि पाणी, दोन्ही मिळून दुरुस्ती दीड तासाची. ती करायला पाच वर्षांत कुणीही आलं नव्हतं.

बांधणाऱ्यानं दिलेल्या कार्डावर देखभालीच्या नोंदीचा तक्ता होता. तारीख, काम, सही. सगळे रकाने कोरे. पुणतांब्याच्या माणसाला कोऱ्या कागदाचं कौतुक सांगायला नको. चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानोबांना पाठवलेलं पत्र कोरंच होतं, आणि त्यांची समाधी आमच्याच गावात आहे. पण चांगदेवांनी ते मायना सुचेना म्हणून कोरं ठेवलं. माझ्या कार्डाचं कारण इतकं अवघड नव्हतं. फोटो निघाला, पैसे मिळाले, विषय संपला.

चुलते म्हणतील, “मग तूच सांगतोयस की नियम कागदावरच राहतो. मग ठेवायचा कशाला?” हे त्यांचं हुकमी पान. पण विहिरीला पाणी लागलं नाही म्हणून कुणी पाण्याला नावं ठेवत नाही, खोदणाऱ्याला जाब विचारतो. हमी पाळली जात नसेल तर पाळायला लावायची. ती रद्द केली तर कोरा रकाना भरणार नाही, रकानाच जाईल. मग पुढच्या वेळी बुडबुडे दिसले तरी भांडायला हातात काही उरणार नाही.

आता धुराकडे येतो, कारण या बाजूला चुलत्यांचा गैरसमज जास्त खोल आहे. ते म्हणतात, “शेण, चिपाड, पाचट, लाकूड ही सगळी पुन्हा उगवणारी वस्तू. कोळसा नव्हे, डिझेल नव्हे. तिच्या धुराला कसलं मोजमाप?” पुन्हा उगवणं आणि स्वच्छ जळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. गाळप हंगामात चिमणीच्या वाऱ्याखाली जिचं घर येतं, त्या बाईला विचारा. दोरीवर धोतर वाळत घातलं तर दुपारपर्यंत त्यावर काळे ठिपके पडतात आणि झटकायला गेलं की ठिपक्याची रेघ होते. कुरडया गच्चीवर घालायच्या तर आधी वारा कुठला ते बघावं लागतं. ती काजळी चिपाडाचीच. चिपाड मिलमधून निघतं तेव्हा त्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं, आणि ओलं जळण नीट जळत नाही, हे चुलीपुढे बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. मुक्ताबाईनं ज्ञानोबांच्या पाठीवर मांडे भाजले म्हणतात. ती एवढी एकच शेगडी झाली, जिला जळण नाही, धूर नाही आणि अनुदानही नाही. बाकी सगळ्यांना राख असते.

म्हणून 14 जानेवारी 2016 च्या केंद्राच्या अधिसूचनेनं साखर कारखान्याच्या चिमणीतून निघणाऱ्या धूलिकणांना घनमीटरमागे 150 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. याच धंद्यात चिपाडापासून वाफ आणि वीज दोन्ही काढणाऱ्या प्रकल्पांना केंद्रानं 2018 ते 2020 च्या योजनेत जादा विजेच्या दर मेगावॅटला 25 लाख रुपये मदत ठेवली होती. आता सांगा, हा 150 चा नियम उठला तर फायदा कुणाचा? चुलत्यांच्या घरात चिमणी आहे का? त्यांच्या घरात आहे ती कपड्यांची दोरी. कारखान्याच्या चिमणीवरचा नियम आणि आपल्या गोठ्यावरचा नियम एकाच मोळीत बांधून दोन्ही नदीत सोडा म्हणायचं, म्हणजे दुसऱ्याची मोळी आपल्या डोक्यावरून वाहून न्यायची.

घरातल्या धुराचीही तीच तऱ्हा. भारतीय मानक ब्यूरोच्या 2013 च्या मानकात, म्हणजे आयएस 13152 मध्ये, लाकूड-गोवऱ्यांवर चालणाऱ्या चुलीला किती कार्बन मोनॉक्साइड आणि किती धूलिकण चालतील याच्या मर्यादा आहेत. पंख्याच्या चुलीला धूलिकणांची मर्यादा साध्या चुलीच्या निम्म्याहून कमी ठेवली आहे, कारण पंखा असताना तेवढी अपेक्षा रास्त आहे. हा नियम चूल वापरणारीवर नाही, चूल बनवून विकणाऱ्यावर आहे. घरात येणाऱ्या वस्तूनं डोळे जाळू नयेत, अशी अट सरकारनं दुकानदाराला घातली तर तिला आपण जाच कधीपासून म्हणायला लागलो?

आणि गोबरगॅस? त्याला तर धूर नाहीच, असं म्हणणारे आहेत. दिसणारा धूर नाही, खरं. गॅसमध्ये पंचावन्न ते साठ टक्के मिथेन असतो. जळला तर अन्न शिजतं. न जळता गळ्यापाशी बुडबुडत निघून गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो हवा तापवायला कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट भारी पडतो. दोन घनमीटरच्या संयंत्रातला निम्मा गॅस रोज गळत असेल, तर दहा-अकरा किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्याएवढं होतं. शेण उकिरड्यावर पसरलेलं असतं तर ते बरंचसं मोकळ्या हवेत कुजलं असतं आणि मिथेन पुष्कळ कमी निघाला असता. म्हणजे गळका गोबरगॅस नसलेल्या गोबरगॅसपेक्षाही वाईट ठरू शकतो. सरकारी पैशानं आपण मिथेन बनवायचं यंत्र बसवलं आणि त्याचं बूच लावायचं राहिलं, असा तो प्रकार. महाराष्ट्रात आजवर नऊ लाखांहून अधिक घरगुती गोबरगॅस बांधले गेले. माझी फक्त एवढीच मागणी आहे, की बांधलेले मोजले तसे पेटते मोजा.

उत्तर आयर्लंडची गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण ‘पैसे द्या आणि बघू नका’ हा चुलत्यांचा सल्ला तिथं शब्दशः अमलात आला. 2012 मध्ये तिथल्या सरकारनं भुशाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या बॉयलरसारख्या यंत्रांना उष्णतेच्या प्रत्येक युनिटमागे पैसे द्यायला सुरुवात केली. दर जळणाच्या खर्चापेक्षा जास्त ठेवला आणि वरची मर्यादा घातली नाही. मग रिकाम्या शेड तापू लागल्या, कारण जितकं जाळाल तितकी कमाई. राखेच्या बदल्यात रोकड, असंच नाव लोकांनी त्याला पाडलं. जानेवारी 2017 मध्ये तिथले उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि तिथलं सरकार कोसळलं. योजना आणली तेव्हा ऊर्जा खातं ज्यांच्याकडे होतं त्या आर्लिन फॉस्टर तोवर प्रथममंत्री झाल्या होत्या. न्यायमूर्ती पॅट्रिक कॉगलिन यांच्या चौकशीचा अहवाल मार्च 2020 मध्ये आला. मॅकगिनेस यांच्या राजीनाम्यानंतर पाचच महिन्यांनी, त्याच 2017 च्या जूनमध्ये, पुणतांब्यानं दूध रोखून एक सरकार हलवलं. आमचं कारण घामाच्या भावाचं होतं. त्यांचं रिकाम्या खोल्या तापवण्याचं. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी मी नेहमी शेजारी ठेवून बघतो. त्याच काळात ब्रिटनच्या बाकी भागात याच प्रकारच्या योजनेत 2013 पासून लाकूड जाळणाऱ्या नव्या बॉयलरला धुराचा दाखला लागत होता, दर गिगाज्यूल उष्णतेमागे 30 ग्रॅमपेक्षा जास्त धूलिकण चालत नव्हते. कटकट होतीच. पण तिथं सरकार पडलं नाही.

इतकं लांब जायचं नसेल तर शिर्डीला चला, पुणतांब्याहून फाट्यावरची गाडी पकडली की आलीच. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाच्या गच्चीवर 2009 मध्ये सूर्याच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या 73 मोठ्या तबकड्या बसल्या. खर्च 1 कोटी 33 लाखांच्या घरात, त्यातले सुमारे 58 लाख केंद्राचं अनुदान. ही वाफ बॉयलरच्या वाफेला जोडून भाविकांचा भात-डाळ शिजवण्यासाठी. या तबकड्या दिवसभर सूर्यामागे फिरतात, सकाळी पुन्हा पूर्वेला आणाव्या लागतात, ऋतू बदलला की त्यांचा बाक थोडा बदलावा लागतो, आरशांवर धूळ बसली की पुसावी लागते. हे सगळं कुणी हौसेनं करत नाही. त्यासाठी माणूस लागतो, आणि त्या माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार लागतो. मोठ्या संस्थानाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. गोठ्यापाशी आलं की मात्र आपण म्हणतो, गोबरगॅसला काय करायचंय, शेण टाकलं की झालं.

नियम करणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. 1983 पासून 2002 पर्यंत देशभर सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला. तीन कोटींहून जास्त चुली बांधल्या गेल्या, आणि बांधणाऱ्याची मजुरी चुलीमागे होती. मग चुली बांधल्या गेल्या यात नवल काय? पुण्याच्या ‘आरती’ (ARTI) सारख्या संस्थेनं चुलीच्या रचनेवर जीव तोडून काम केलं, पण वरून आकडा मागितला जात होता तो बांधलेल्यांचा. वर्षभरात भेगाळलेली चूल कुणाच्या तक्त्यात नव्हती. आजही तीच खोड आहे. पूर्ण झाल्याचा फोटो मागणारा अधिकारी वाईट नसतो, त्याला विचारलंच जातं फोटोबद्दल. त्याला निळ्या ज्योतीबद्दल विचारलं असतं तर तो निरम्याची वाटी घेऊन आला असता.

म्हणून माझं भांडण चुलत्यांपेक्षा थोडं पुढं जातं. बांधणाऱ्याची सगळी फी बांधकामाच्या दिवशी देऊ नका. थोडी तिसऱ्या वर्षी द्या, ज्योत बघून. तपासणीला शेतकऱ्याला तालुक्याला बोलावू नका, तपासणारा गोठ्यावर येऊ द्या. दर पाच-सात गावांत एखादा गवंडी, एखादा प्लंबर नेमा, जो घुमटाचा गळा आणि नळीचा वाकलेला भाग ओळखतो. आणि नियम लिहायचा तर साध्या भाषेत लिहा: फेस लावून बघा, बुडबुडा दिसला तर तो बांधणाऱ्याचा.

दशक्रियेच्या दुसऱ्या दिवशी मी चुलत्यांच्या घरी गेलो. त्यांचा गोबरगॅस बांधून चार वर्षं झालीत आणि गेले आठ महिने चुलती गॅसच्या सिलिंडरवर आहे. मी ते कार्ड मागितलं. पत्र्याच्या पेटीतून, जमिनीच्या उताऱ्यांखालून ते निघालं. माझ्यासारखंच कोरं. मागच्या बाजूला बांधणाऱ्याचा नंबर होता. चुलत्यांनी लावला, पलीकडून बाई म्हणाली हा क्रमांक अस्तित्वात नाही. चुलते विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघून म्हणाले, “ऐकलंस? हा तुझा नियम.”

हमीचं एक वर्ष शिल्लक होतं. मी कोरा कागद घेऊन पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहायला बसलो: बांधकामाची तारीख, आकार, कार्डाची झेरॉक्स, कोऱ्या रकान्यांवर खूण. चुलती चहा घेऊन आली आणि म्हणाली, त्यात हेही लिही, की पहिल्या वर्षी ज्योत लई छान होती. लिहिलं. चुलत्यांनी सही केली, पेन टोपण लावून खिशात घातलं आणि पुटपुटले, “शेवटी फॉर्मच भरायला लावलास ना.”